आठ तासांची बॅटरी

"वहिनी, दादाच्या हातातली बॅटरी अजून चालू असेल का?" दिराने खालून ओरडून विचारलं.

"नाही," ती पायऱ्यांवरून म्हणाली. "आठ तासांची होती ती. कधीच मेली असेल."

हे तिच्याइतक्या खात्रीने दुसरं कोणी सांगू शकलं नसतं. बॅटऱ्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिची उमेदीची वर्षं गेली होती. कुठली बॅटरी किती उजेड देते आणि किती वेळ टिकते, एवढंच मोजायचं. खोक्यावर छापलेले ते आठ तास तिनेच मोजलेले होते. बचाव पथकाच्या प्रमुखाने तिचा शब्द प्रमाण मानला. "आतून उजेड दिसेल ही आशा सोडा," त्याने आपल्या माणसांना सांगितलं. "शोधायचं ते आपल्याच उजेडात."

जमिनीखालची ती पाण्याची जुनी टाकी म्हणजे एक मैदानच होतं. चारही भिंतींना भुयारांची तोंडं, माणूस वाकून जाईल एवढी, आणि प्रत्येक भुयार आत जाऊन वळलेलं. तिचा नवरा सकाळी भिंतींच्या भेगा बघायला एकटाच उतरला. दुपारी कुठलीशी जुनी झडप फुटली आणि पाणी आत घुसलं. तो नेमका कुठल्या भुयारात होता, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आता रात्र झाली होती. पंप जिवाच्या आकांताने पाणी ओढत होता, तरी ते गुडघ्यावर आलं होतं. हाका मारून सगळ्यांचे घसे बसले होते. त्या गोंगाटात आतून कोणी ओ दिली असती तरी ऐकू आली नसती.

आणि ती आठ तासांची बॅटरी तिनेच त्याच्या हातात कोंबली होती. त्याने सकाळी उचलली होती ती दुसरी, छोटी. उजेड बेताचाच, पण दोन दिवस चालणारी.

"अहो, हा काजवा घेऊन पाताळात उतरणार? जरा झोत पडेल अशी न्या."

"तुझा झोत संध्याकाळी मान टाकतो. माझा काजवा बिचारा रात्रभर जागतो."

"मग काय रात्रभर मुक्काम आहे तिथे?"

तो हसला आणि झोतवाली घेऊन गेला. काजवा आता स्वयंपाकघराच्या फळीवर पडला होता. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, म्हणून तिने कपाळ बडवून घेतलं.

तिने कारखान्यातल्या सगळ्यात प्रखर बॅटऱ्या पिशवीत भरून आणल्या होत्या. तपासणीच्या टेबलावरच्या, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा, दिसेल ती उचलली होती. पथकाची माणसं एकेका तोंडात झोत टाकत होती. पण पाण्याची वाफ दाटली होती आणि भिंती ओल्या होत्या. झोत पडला की समोर नुसतं पांढरं व्हायचं. ती म्हणायची, अजून मोठी लावा. मोठी लावली की आणखी पांढरं व्हायचं.

"बाई, पाणी मांडीला लागलं," पथकप्रमुख म्हणाला. "आता मी माझी माणसं वर घेतो."

"एकदा डावीकडची बघा. एकदाच."

"तीनदा बघितली."

दीर पायरीशी आला. त्याच्या हातातली बॅटरी मंदावली होती. "वहिनी, हीपण मेली. दुसरी द्या."

तिने ती घेतली. सवयीने अंगठा बटणावर गेला. टेबलावर ती रोज हेच करायची. उजेड सुरुवातीच्या दहाव्या भागावर आला की यंत्र टिंग करायचं, ती "मेली" म्हणायची, वेळ लिहायची आणि बॅटरी बंद करून टोपलीत टाकायची. टोपलीतली अशीच एक तिने घरी नेली होती. नवरा त्या मेलेल्या बॅटरीच्या उजेडात मोरीखालचा नळ दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, "तुम्ही लोक धडधाकट माणसाला तिरडीवर बांधाल."

अंगठा बटणावरच राहिला. हातातली बॅटरी मंद होती, पण विझली नव्हती. मेल्यावर बॅटरी किती वेळ चालते, हे तिने जन्मात मोजलं नव्हतं. ते तिचं कामच नव्हतं.

"बंद करा!" ती किंचाळली. "सगळ्या बॅटऱ्या बंद करा! डोक्यावरच्यासुद्धा!"

"वेड लागलं का बाई? एवढ्या पाण्यात, अंधारात माझी माणसं..."

"एक मिनिट. पाया पडते तुमच्या."

पथकप्रमुखाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर केला. एकेक बॅटरी बंद झाली. शेवटची त्याची स्वतःची. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. कोणीतरी पाण्यात धडपडलं. दीर हुंदके देत होता. काहीच दिसत नव्हतं. तिने ओठ दातांखाली दाबले. पथकप्रमुखाचा अंगठा आता बटणाकडे जाईल, आता जाईल, असं तिला वाटत राहिलं.

मग डाव्या भिंतीत, तीनदा बघितलेल्या त्या तोंडात, आतल्या वळणावर काहीतरी पिवळट दिसलं. शिळ्या चहासारखं. ते हललं. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. कोणीतरी ते हलवत होतं.

माणसं पाणी कापत तिकडे धावली.

"वहिनी," दिराने विचारलं, "ती तर मेली होती ना?"

"मेलीच आहे," ती रडत म्हणाली. "आमच्याकडे हिलाच मेली म्हणतात."