गोळ्यांचं काम

"मुलगी काय करते?" पोह्यांची बशी हातात घेत मुलाच्या आईनं विचारलं.

"गोळ्या करती," हौसाक्का म्हणाली. चार दिवस तिनं हेच उत्तर मनात घोळवून ठेवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिची नात स्वरूपा परड्यातल्या खोलीत शिशाची तार साच्यात घालायची, दांडा दाबायची, की हवेच्या बंदुकीची गोळी टपकन खाली पडायची. आधी स्वतःच्या सरावापुरत्याच करायची. आता कोल्हापूरचे नेमबाज डबेच्या डबे मागवत होते. पण असली सून कोण करून घेणार, या धास्तीनं हौसाक्कानं सकाळीच तिची काळी बोटं लिंबानं घासून काढली होती.

"औषधाच्या होय? बरं झालं बाई. माझ्या गुडघ्याला चालतील अशा दोन द्या की," पाहुणीबाई खूश झाल्या.

चहा घेऊन आलेल्या स्वरूपानं हे ऐकलं आणि मान खाली घातली. नेम धरताना पापणीही न हलवणाऱ्या पोरीची ती पडलेली मान हौसाक्काला बघवेना. ती उठली, फळीवरची डबी काढली आणि पाहुणीच्या तळहातावर गोळ्या ओतल्या.

"ह्या गुडघ्याच्या न्हाईत, बंदुकीच्या हाईत. माझ्या नातीनं धंदा उभा केलाय."

पाहुणीनं चटका बसल्यागत हात झटकला. "अगंबाई. पण लग्नानंतर सोडेल ना ती हे?"

"सोडंल की," हौसाक्का म्हणाली, "नेम धरून."