वाकडा कठडा

वीतभर युद्धनौकेच्या मॉडेलचा पितळी कठडा पुन्हा वाकडाच दुमडला, तसा नवऱ्याने पत्रा दुमडायचा चाप टेबलावर आपटला. “हत्यारच भिकार! जबड्यांना पांढरा गंज चढलाय, घट्ट मिटतच नाहीत.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” बायको भांडी पुसता पुसता म्हणाली.

हे त्याच्या फारच जिव्हारी लागलं. त्याने हट्टाने रुंद जबड्यांचा नवा चाप मागवला आणि पहिल्याच फटक्यात काटकोनात दुमडलेला कठडा तिच्या नाकासमोर नाचवला. “बोल आता! अंगणच वाकडं होतं की नाही?”

कठड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चाप मात्र बोटांनी मोजून पाहिला.

“बरं झालं बाई, रुंद आणलात. जुन्यात टूथपेस्टची मोठी ट्यूब धड पिळली जायची नाही, निम्मी पेस्ट जबड्यांतच राहायची.”