अजून ठरलेलं नाही

जन्मभर लिफ्ट चालवलेल्या काकांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन जिने चढून त्यांच्याकडे सहसा कोणी फिरकत नसे. प्रचाराला येणारी ती मुलगी मात्र आज सलग चौथ्या दिवशी धापा टाकत आली. काकांनी दुसरी खुर्ची आधीच पुसून ठेवली होती.

"काका, परवा तुम्ही विचारलंत, आमचा उमेदवार देवाधर्माचं काही करतो का. काल म्हणालात, वकील माणूस, खऱ्याचं खोटं करणाराच. आज त्यांच्या खटल्यांची यादीच आणलीय."

काकांनी चष्मा चढवून एकेक खटला समजून घेतला. चहा झाला. बोलता बोलता ती आईच्या गुडघेदुखीवर घसरली, तेही त्यांनी कान देऊन ऐकलं.

"मग, ठरलं ना आता?" तिने मतदारयादीतल्या काकांच्या नावावर पेन टेकवलं. नावापुढे 'पक्कं' अशी खूण झाली की त्या दाराशी पुन्हा कोणी येत नाही, हे काकांना मागच्या निवडणुकीत कळून चुकलं होतं.

"मन वळतंय गं. पण उद्या देव आणि कायदा यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर तो काय करेल?"

"विचारून येते उद्या," म्हणत ती उठली.

तिची पावलं जिन्यात ऐकू येईनाशी होईपर्यंत काका दारात उभे राहिले. मग दोन्ही कप विसळून त्यांनी खणातून एक पावती काढली. ज्येष्ठांसाठीच्या सोयीने टपालाने मत पाठवल्याची, आठ दिवसांपूर्वीची. मत त्याच वकिलाला दिलं होतं. पावतीच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने उद्याची शंका लिहायला घेतली.