राणीसाहेबांचं जेवण

धनेशाचा नर चोचीत उंबर घेऊन आला आणि मी वहीत आठवी रेघ ओढली.

त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालून बसलेली. दार चिखलाने लिंपून घेतलेलं, चोचीपुरती फट तेवढी ठेवलेली. माझा बाप हे पक्षी मारून खायचा. आता रान तुटलं, गावात दोनच जोड्या उरल्या, म्हणून पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेने मला राखणीला बसवलं. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "फक्त बघायचं आणि लिहायचं. मध्ये पडायचं नाही."

बघून बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिचा दिवसातून वीस वेळा येणार. माझा नवरा शिमगा करून सुरतेला गेला तो गेला, साधा फोन नाही. "खा, राणीसाहेब, खा," मी खालून म्हणायची.

मग एके दिवशी तो आलाच नाही. बरं झालं, तुलाही कळू दे, असं आलं माझ्या मनात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीचं पान कोरंच. फटीतून चोच बाहेर यायची, थांबायची आणि रिकामी आत जायची.

ते काही मला बघवेना. उंबरं तोडून बांबूच्या टोकाला खोचली, वरच्या दरडीवर चढले आणि बांबू फटीशी धरला. बऱ्याच वेळाने तिने एक उचललं.

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. ती रिंग मी एकट्या नवऱ्यासाठी लावलेली. माझे दोन्ही हात बांबूला होते.

"थांब जरा," मी म्हटलं, "राणीसाहेब जेवतायत."