बाळ कुणावर गेलंय?

बाळाला वेळेवर दूध आणि वेळेवर झोपेची सवय लागावी म्हणून त्याच्या आईने साऱ्या घराच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. दूध पाजून पाळण्यात ठेवलं की बेल बंद, मिक्सर बंद, फोन मुके. बोलायचं ते कुजबुजत, आणि तेही एकाच विषयावर : बाळ कुणावर गेलंय. नाक आईचं, कपाळ बाबांचं, हट्ट आत्याचा.

"माझं म्हणून काहीच घेतलं नाही लबाडाने!" आजोबा कानातलं मशीन सारखं करत कुरकुरायचे. त्यांना जन्मापासून कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुजही चार घरांना ऐकू जायची.

आज आत्याच्या हातून ताटांची चळतच फरशीवर कोसळली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सगळ्यांनी श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने हूं की चूं केलं नाही.

"बघ वहिनी, तुझी शिस्त कशी अंगवळणी पडलीय!" आत्या हरखून म्हणाली.

आई कौतुकाने पाळण्यात डोकावली. बाळ झोपलेलं नव्हतंच. टक्क जागं राहून, छताकडे बघत मजेत पाय झाडत होतं.

ती त्याच्या डोक्यामागे गेली आणि तिने टाळी वाजवली. मग आणखी जोरात. मग तळहात लाल होईपर्यंत. बाळाची पापणीही लवली नाही.

आजोबांनी कानातलं मशीन काढून मुठीत घट्ट धरलं.

"पोरी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू आला, "माझ्यावर गेलंय गं."