कुलूप कोणी बसवलं?

“आई, तू इथे कशी?” केबिनचं दार उघडून वकील बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला.

“तूच बोलावलंस की,” बाई म्हणाल्या आणि हातातली नोटीस त्याच्यापुढे धरली. खाली त्यांच्या मुलाची सही होती.

भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आणखी माणसं बसली होती. दातांचे डॉक्टर, पुस्तकांचा दुकानदार, गाण्याच्या क्लासवाली. प्रत्येकाच्या मांडीवर तीच नोटीस, नाव तेवढं वेगळं. वेबसाइटवर आत सोडण्याआधी फोनवर आकडे पाठवून माणसाची ओळख पटवायची, या युक्तीचं पेटंट म्हणे मुलगा जिचा वकील होता त्या कंपनीचं. तुम्ही ती बिनपरवाना वापरलीत, आता मुकाट्याने ऑफिसात येऊन तडजोडीचे पैसे भरा, नाहीतर कोर्टात या. कंपनी स्वतः साधी काडीही बनवत नव्हती. ते पेटंटसुद्धा कुणाकडून तरी विकत घेतलेलं. आयत्या बिळावर नागोबा! “इंटरनेट सुरक्षेचं काम आहे, आई,” असं मुलगा सांगायचा, आणि बाई ते चार लोकांत मिरवायच्या. त्या मिरवण्याची आज त्यांना लाज वाटत होती.

वकिलाने नोटीस वाचली. त्याचे कान लाल झाले.

“अगं, नावं कंपनीकडून येतात, सही मशीनच छापतं. एवढ्या नोटिसा जातात, मी एकेक कुठे वाचतो?” मग खाली वाकून तो कुजबुजला, “तू घरी जा. तुझी केस मी काढून टाकतो.”

“आणि ह्यांची?”

तो केबिनच्या दाराकडे बघू लागला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना त्या बोलायला शिकवायच्या. पहिला विद्यार्थी त्यांच्याच घरातला होता, पण ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मुलांचे आवाज त्या रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवायच्या, म्हणजे आईवडिलांना घरी ऐकून सराव घेता येई. आईवडिलांनाच, दुसऱ्या कुणाला नाही.

“पोरांचे आवाज आहेत रे त्यात!” बाईंचा आवाज चढला. “हे आकड्यांचं कुलूप काढलं तर उद्या कुणीही ऐकेल, शाळेत नकला करून हसतील त्यांना. ठेवलं तर तुमचे पैसे भरून क्लास बंद करायचा. काय करू, तूच सांग. आणि ह्या डॉक्टरांनी कुणाच्या घरी दरोडा घातला? चोर म्हणता आम्हाला? चोराच्या उलट्या बोंबा!”

“आई, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. त्यांच्यासमोरच विचारते. माझ्या वेबसाइटला हे कुलूप कोणी बसवलं?”

वकिलाचा चेहरा खर्रकन उतरला. कॉलेजच्या सुट्टीत घरी आला होता, तेव्हा जमिनीवर मांडी ठोकून त्यानेच ते बसवलं होतं. वर आईला बजावलं होतं, “हे काढू नकोस हं कधी. साधी गोष्ट आहे, हल्ली सगळेच लावतात.”

“हो, सांगा ना साहेब,” गाण्याच्या क्लासवाली उठून उभी राहिली. “कोणी बसवलं?”

दातांचे डॉक्टरही उठले. दुकानदाराने नोटीस घडी करून खिशात घातली आणि तो केबिनच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. आता आत जायला वाट नव्हती.

कोर्टात हा वकील घडाघडा बोलायचा. समोरच्याला श्वास घ्यायला सवड द्यायचा नाही. त्याने तोंड उघडलं.

“म... म...”

शब्द ओठांशी येऊन अडकला. इतक्या वर्षांनी, लहानपणी अडकायचा अगदी तसाच. त्याने घाबरून आईकडे पाहिलं.

बाईंचा राग तसूभरही उतरला नव्हता. तरी सवयीने त्यांचा हात त्याच्या पाठीवर गेला.

“घाई नाही. आधी श्वास घे,” त्या म्हणाल्या. “आणि मग शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं सांग.”