धुळीची शिरगणती

शनीभोवती फिरणाऱ्या यानाने पाठवलेल्या फोटोंवरचे डाग पुसण्यात अरॅक्सीबाईंची पंधरा वर्षं गेली होती. आता त्या निवृत्त होत्या, आणि पासाडेनातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात वेंडेल नावाचा तरुण शास्त्रज्ञ तोंड पाडून बसला होता.

“कड्यांपाशी नवा चंद्र सापडलाय, पण एकाच फोटोत. एका फोटोवर कोण विश्वास ठेवणार? जुन्या फोटोंत शोधला, तर तिथं सगळं लख्ख!”

“लख्ख असणारच.” बाईंनी घट्ट कॉफी त्याच्यापुढे सरकवली. “केवढा दिसतो?”

“ठिपक्याएवढा.”

“मग पुसला मीच.”

वेंडेलने कपाळावर हात मारला. “आणि मूळ फोटो?”

“ते कुठले उरायला! पण माझी वही आहे. पुसलेला प्रत्येक डाग कधी, कुठं होता ते लिहून ठेवायचे. ऑफिसात सगळे हसायचे, बाई धुळीची शिरगणती करते म्हणून.”

बाईंनी फडताळातून काढलेल्या वहीची पानं वेंडेल अधाशासारखी उलटू लागला. एक ठिपका कड्याच्या कडेकडेने सरकत, दर काही पानांनी पुन्हा उगवत होता. त्याच्यापुढे बाईंच्या तिरक्या अक्षरात प्रत्येक वेळी तोच शेरा होता: ‘हा आगाऊ परत आला!’